टी-पेशीत जनुक पोहोचतं कसं? खारघरच्या कार-टी उपचारामागचं शास्त्र

खारघरला टाटा मेमोरिअल केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत कर्करोग ओळखणारं जनुक घालून त्या परत देतात. आयआयटी मुंबईतल्या प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या तंत्रावर काम झालं, त्यातून इम्युनोॲक्ट ही कंपनी उभी राहिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी तिच्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला परवानगी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचा शुभारंभ झाला.

रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण घरात असेल आणि केमोनंतर आजार उलटला असेल, तर आता डॉक्टरांच्या तोंडून ‘कार-टी’ ऐकायला मिळतं. मग प्रश्न सुरू होतात. ही केमोच आहे का? विषाणू टोचतात का? एचआयव्हीशी संबंध आहे म्हणतात, ते खरं का? रक्त घेतल्यापासून पेशी परत मिळेपर्यंत आठवडे का जातात? या प्रश्नांची उत्तरं पुढे आहेतच, पण लेखाचा भर एका गोष्टीवर आहे. या उपचारातलं जनुक लिहिणं आज तुलनेने सोपं झालं आहे. ते जनुक नेमक्या पेशीत, नेमक्या प्रमाणात, पेशी न मारता आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला न डिवचता पोहोचवणं, हे खरं काम. वेळ, पैसा आणि धोका यांचा मोठा वाटा याच कामात आहे.

टी-पेशीला कर्करोग का दिसत नाही

टी-पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींमधल्या मारेकरी आणि समन्वयक पेशी. प्रत्येक टी-पेशीवर एक रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, असतो. तो समोरच्या पेशीला सरसकट ओळखत नाही. समोरची पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे एचएलए नावाच्या रेणूत धरून बाहेर दाखवते. मारेकरी टी-पेशीसाठी हा तुकडा साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा असतो. तो ओळखीचा ‘परका’ निघाला, तरच टी-पेशी हल्ला करते. कर्करोगाच्या अनेक पेशी एचएलएच कमी करून टाकतात. दाखवायलाच काही नसलं, की टी-पेशी शेजारून निघून जाते.

याउलट अँटिबॉडीला एचएलएची गरज लागत नाही, ती पेशीवरच्या प्रथिनाला थेट चिकटते. या दोहोंचा जोड लावण्याची कल्पना झेलिग एशहार यांच्या गटाने इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत १९८९ मध्ये प्रत्यक्षात आणली. बाहेर अँटिबॉडीचं टोक आणि आत टी-पेशीला ‘मार’ असा संदेश देणारी शेपटी, असा कृत्रिम रिसेप्टर म्हणजे कार.

पहिल्या पिढीचे कार लक्ष्य ओळखायचे, पण त्या पेशी शरीरात टिकत नसत, वाढत नसत. टी-पेशीला जोमाने लढायला दोन संदेश लागतात आणि त्यांत एकच होता. म्हणून शेपटीत दुसरा भाग घातला गेला, सीडी२८ किंवा ४-१बीबी या टी-पेशीच्याच प्रथिनांचा. नेक्सकार१९मध्ये ४-१बीबी आहे. सीडी२८ने पेशी झपाट्याने उसळतात, ४-१बीबीने काहीशा सावकाश वाढतात पण जास्त काळ टिकतात.

नेक्सकार१९चं लक्ष्य सीडी१९. हे प्रथिन जवळपास सगळ्या बी-पेशींवर, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, असतं, म्हणून बी-पेशींचा ल्युकेमिया आणि लिम्फोमा हे याचे आजार. सीडी१९विरुद्धचे बरेचसे जुने कार उंदराच्या अँटिबॉडीपासून बनलेले आहेत. माणसाची प्रतिकारयंत्रणा त्या उंदराच्या भागाला परका मानून कार-टी पेशीच संपवू शकते. मुंबईच्या गटाने हा भाग माणसाच्या अँटिबॉडीसारखा करून घेतला.

संपूर्ण कारचं जनुक साधारण १,५०० अक्षरांचं. असा डीएनए आज मागवला तर थोड्याच दिवसांत हातात येतो. तो कोट्यवधी जिवंत टी-पेशींच्या केंद्रकात कायमचा बसवायचा कसा, इथून खरी कसोटी सुरू होते.

शरीरात थेट का टोचत नाहीत

पेशीच्या आवरणातून डीएनए आपणहून आत जात नाही. विषाणूंना मात्र हेच साधतं, म्हणून आजार करणारी जनुकं काढून टाकलेला विषाणू जनुकाचा वाहक म्हणून वापरतात. अडचण अशी, की विषाणू ओळखून संपवणं हे तर प्रतिकारयंत्रणेचं रोजचं काम.

हे किती गंभीर ठरू शकतं, ते सप्टेंबर १९९९ मध्ये दिसलं. जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाला पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या चाचणीत यकृताच्या आनुवंशिक आजारासाठी ॲडिनोव्हायरस वाहक देण्यात आला. प्रतिकारयंत्रणेचा प्रचंड उद्रेक झाला, अवयव निकामी झाले आणि चौथ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर या क्षेत्राने डोस, देखरेख आणि संमतीपत्र यांचा सगळाच विचार नव्याने केला.

मराठी वर्तमानपत्रांत ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ म्हणून गाजलेलं झोलगेन्स्मा हेही वाहकच. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी झालेल्या बाळांना ते एएव्ही९ या जेमतेम २५ नॅनोमीटर आकाराच्या विषाणूतून शिरेवाटे देतात. डोस किलोमागे १.१ कोटी कोटी विषाणूकण. सहा किलोच्या बाळाला ६.६ कोटी कोटी. इतके परके कण एकाच वेळी अंगात गेले की यकृताला सूज येऊ शकते, म्हणून आदल्या दिवसापासून किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करतात आणि ते किमान ३० दिवस चालवतात. बाळाच्या रक्तात एएव्ही९विरुद्ध अँटिबॉडी आधीच आहेत का, हेही तपासावं लागतं. असतील तर वाहक पोहोचायच्या आतच पकडला जातो. शिवाय एकदा डोस दिला की या अँटिबॉडी भरपूर तयार होतात आणि त्याच वाहकाचा दुसरा डोस जवळपास अशक्य होतो. इतक्या किमतीचं औषध एकदाच देतात त्यामागचं एक मोठं कारण हे.

एएव्हीची आणखी एक मर्यादा टी-पेशींसाठी निर्णायक ठरते. तो बहुतेक वेळा डीएनएत बसत नाही, नुसता केंद्रकात राहतो. स्नायूंच्या किंवा चेतासंस्थेच्या पेशी फारशा विभागत नाहीत, त्यामुळे तिथे हे चालतं. टी-पेशी मात्र एकाच्या दोन, दोनाच्या चार होत जाते, आणि प्रत्येक विभाजनात हे सुटं जनुक पातळ होत होत संपतं.

यातून दोन निर्णय निघतात. एक, पेशी शरीराबाहेर काढायच्या आणि विषाणूशी त्यांची गाठ तिथेच घालायची, म्हणजे रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेला हा वाहक जवळपास दिसतच नाही. दोन, असा वाहक घ्यायचा जो जनुक गुणसूत्रात कायमचं बसवतो.

एचआयव्ही, पण आजाराविना

असा सर्वांत भरवशाचा वाहक म्हणजे लेंटिव्हायरस, आणि प्रयोगशाळेतले बहुतेक लेंटिव्हायरस वाहक एचआयव्हीपासूनच बनलेले आहेत. हे ऐकून रुग्णाच्या घरी धस्स होतं, म्हणून यावर जरा थांबू.

एचआयव्हीचं सामान चार वेगवेगळ्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या चार गोल तुकड्यांमध्ये, वाटून टाकतात. एकात विषाणूचा सांगाडा आणि एन्झाइम, दुसऱ्यात ‘रेव्ह’ नावाचं मदतनीस प्रथिन, तिसऱ्यात बाहेरचं आवरण आणि चौथ्यात आपलं कारचं जनुक. विषाणूच्या पोटात जाण्यासाठी लागणारी खूण फक्त चौथ्यावर असते. त्यामुळे तयार होणाऱ्या कणात कारचं जनुक असतं, पण पुढचा विषाणू बनवण्याची माहितीच नसते. तो पेशीत शिरतो, जनुक बसवतो आणि तिथेच संपतो. एचआयव्हीची आजार वाढवणारी बाकीची जनुकं यात घेतलेलीच नसतात. शिवाय विषाणूच्या टोकाचा सुमारे ४०० अक्षरांचा तुकडा कापलेला असतो, त्यामुळे गुणसूत्रात बसल्यावर विषाणूचा स्वतःचा स्विच बंद पडतो.

आवरणही एचआयव्हीचं नसतं. ते गुरांना आणि घोड्यांना तोंडाचे फोड आणणाऱ्या एका विषाणूकडून घेतलेलं, व्हीएसव्ही-जी नावाचं प्रथिन असतं. ते दणकट असल्याने विषाणू सेंट्रिफ्यूजमध्ये दाटवला तरी तुटत नाही. ते पेशीवरच्या एलडीएल रिसेप्टरला धरून आत जातं. लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये जे एलडीएल कोलेस्टेरॉल आपण पाहतो, ते पेशीत ओढून घेणारा हाच रिसेप्टर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विषाणू बनवायला एचईके२९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी वापरतात. त्यांचं मूळ वाण १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे तयार झालं. थाळीचा ७० ते ८० टक्के पृष्ठभाग पेशींनी भरला, की चारही प्लाझ्मिड पीईआय या, डीएनए पेशीत नेणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळून थाळीत सोडतात. या पेशी तळाला सैल चिकटलेल्या असतात. माध्यम बदलताना पिपेटची धार थेट त्यांच्यावर पडली तर पापुद्र्यासारखा अख्खा थर सुटून येतो आणि बॅच वाया जाते. धार भिंतीवरून, हळू सोडायची. ४८ आणि ७२ तासांनी वरचं द्रव काढून घेतात, कारण विषाणू त्यातच असतात. मग ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात. विषाणू ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो, तेव्हा ०.२२चा फिल्टरही चालेल असं वाटतं, पण त्यात बरेच कण अडकून टायटर, म्हणजे मिलिलिटरमागे कणांची संख्या, पडतं. शेवटी दाटवून, एकेका वापरापुरत्या छोट्या कुप्या भरून उणे ८० अंशांवर ठेवतात. कुपी एकदा वितळली की परत गोठवायची नाही, प्रत्येक वेळी जिवंत कण घटतात.

टायटर मोजताना नवखे संशोधक हमखास फसतात. विषाणूचं पी२४ प्रथिन मोजणारी एलायझा चाचणी मेलेले, रिकामे, फुटलेले असे सगळेच कण मोजते. उपयोगाचा आकडा वेगळाच असतो: किती कण खरोखर पेशीत शिरून जनुक चालू करतात, तो. त्यासाठी पेशींवर विषाणू वेगवेगळ्या पातळ प्रमाणात टाकायचा, तीन-चार दिवस थांबायचं आणि एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटर यंत्रावर किती टक्के पेशींवर कार दिसतो ते पाहायचं. तेही एचईके पेशींवर मोजलं तर आकडा फुगलेला येतो, टी-पेशी इतक्या सहज विषाणू घेत नाहीत. म्हणून शेवटचा हिशेब टी-पेशींवरच करावा.

रुग्णाच्या पेशी

पेशी काढण्याच्या प्रक्रियेला ल्युकाफेरेसिस म्हणतात. प्लेटलेटदान करताना जसं यंत्र लावतात, त्याच जातीचं हेही यंत्र. एका नळीतून रक्त बाहेर येतं, यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त परत जातं. प्रौढ माणसात साधारण ३ ते ५ तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आल्या की लगेच नर्सला सांगायचं. यंत्राचा वेग कमी करून किंवा कॅल्शियम देऊन ते आटोक्यात येतं.

पेशी काढण्याआधी स्टेरॉइड किमान तीन दिवस बंद असावं, असा साधारण नियम आहे, कारण स्टेरॉइड टी-पेशींना मारतं आणि मलूल करतं. त्यामुळे घरी चालू असलेली प्रत्येक गोळी, पुडी आणि चूर्ण डॉक्टरांना दाखवा. लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे. आणखी एक सल्ला: पुढे कार-टी लागेल अशी शक्यता दिसत असेल, तर केमोच्या आणखी एका फेरीआधीच केंद्राशी बोला. वारंवार केमो झालेल्या शरीरातल्या टी-पेशी संख्येने कमी आणि दमलेल्या असतात, आणि उत्पादन फसण्याचं नेहमीचं कारण विषाणू नसून हा कच्चा माल असतो.

काढलेल्या पेशींची पिशवी लॅबकडे नेणारी गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा माजिवड्याला अडकली तर काय, अशी धास्ती नातेवाइकांना वाटते. २ ते ८ अंशांच्या पेटीत पेशी तास-दोन तासच काय, साधारण दिवसभर तग धरतात. चिंतेची गोष्ट असते पेटीतलं तापमान. पेटीत नोंदणी करणारं उपकरण असतं, आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्याचं त्यात दिसलं तर पिशवी वेळेवर पोहोचूनही नाकारली जाऊ शकते.

जनुक आत जातं ते दोन दिवस

लॅबमध्ये आधी टी-पेशी वेगळ्या करतात आणि त्यांना जागं करतात. त्यासाठी साधारण ४.५ मायक्रॉनचे चुंबकीय मणी असतात, त्यांच्यावर सीडी३ आणि सीडी२८ला चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावलेल्या असतात. आपल्याला शत्रू भेटला असं टी-पेशीला वाटतं आणि ती फुगू लागते. लेंटिव्हायरस न विभागणाऱ्या पेशीतही शिरतो असं पुस्तकात असतं, मग जागं करायचं कशाला? कारणं दोन. झोपलेल्या टी-पेशीवर एलडीएल रिसेप्टर फारच थोडे असतात, म्हणजे व्हीएसव्ही-जीला धरायला जागाच नाही. आणि झोपलेल्या पेशीत एसएएमएचडी१ हे प्रथिन डीएनएचे सुटे घटक तोडत असतं, त्यामुळे विषाणूला आपल्या आरएनएचा डीएनए करता येत नाही. २४ तास सक्रिय ठेवल्यावर दोन्ही अडथळे कमी होतात. म्हणून विषाणू दुसऱ्या दिवशी.

किती विषाणू घालायचा? पेशीमागे किती जिवंत कण, त्या आकड्याला एमओआय म्हणतात. समजा १० कोटी टी-पेशी आहेत आणि एमओआय ३ ठेवायचा आहे, तर ३० कोटी कण लागतील. टायटर मिलिलिटरला १० कोटी असेल, तर ३ मिलिलिटर विषाणू.

एमओआय १ ठेवला म्हणजे प्रत्येक पेशीला एकेक कण मिळेल, असं मात्र होत नाही. १०० घरांच्या सोसायटीत १०० पत्रकं डोळे मिटून टपालपेट्यांत टाकली, तर साधारण ३७ पेट्या रिकाम्या राहतात, ३७ पेट्यांत एक पडतं आणि उरलेल्या २६ पेट्यांत दोन किंवा जास्त. पेशींचंही तसंच. रिकाम्या पेशी कमी करायला विषाणू वाढवला, की एका पेशीत चार-पाच प्रती बसण्याचं प्रमाण वाढतं. ते नको असतं, कारण प्रत्येक प्रत गुणसूत्रात कुठे बसेल हे आपल्या हातात नसतं.

ही भीती पुस्तकी नाही. पॅरिस आणि लंडनमध्ये जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या २० मुलांना गॅमा-रेट्रोव्हायरस या वेगळ्या वाहकातून जनुक दिलं गेलं. बहुतेकांची प्रतिकारशक्ती उभी राहिली, पण पाच मुलांना पुढे ल्युकेमिया झाला. वाहक पेशीवाढीच्या जनुकांजवळ, प्रामुख्याने एलएमओ२ शेजारी, बसला होता आणि त्याच्या चालू असलेल्या स्विचने शेजारचं जनुकही चालू केलं. आजच्या लेंटिव्हायरसमध्ये तो स्विच कापलेला असतो, आणि हा वाहक जनुकांच्या सुरुवातीपेक्षा मधल्या भागात बसणं पसंत करतो. धोका त्यामुळे खूप घटला, शून्य झालेला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये सगळ्या कार-टी उत्पादनांवर टी-पेशींच्या कर्करोगाचा इशारा छापायला लावला. तोवर तिथे २७,०००हून अधिक डोस दिले गेले होते आणि असे २२ रुग्ण नोंदले गेले होते. केमो संपून गेलेल्या आणि दुसरा मार्ग नसलेल्या रुग्णासाठी हा हिशेब उपचाराच्या बाजूने झुकतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण संमतीपत्रावर सही करण्याआधी हा आकडा माहीत असलाच पाहिजे.

विषाणू घातल्यानंतर पेशी ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. सोबत पेशींना वाढायला सांगणारे संदेशवाहक रेणू: आयएल-२, किंवा आयएल-७ आणि आयएल-१५. घनता मिलिलिटरला साधारण ५ ते २० लाखांच्या दरम्यान राखायची. जास्त दाटल्या तर आम्ल साठून पेशी मरतात, फार विरळ झाल्या तर एकमेकींचा आधार न मिळून वाढ मंदावते. साधारण ७ ते १० दिवसांत पुरेशा पेशी मिळतात. आणखी महिनाभर वाढवून दहापट का करत नाहीत? कारण प्रत्येक विभाजनाबरोबर टी-पेशी म्हातारी होते. तरुण, स्मृतिपेशींसारख्या थोड्या पेशी शरीरात गेल्यावर स्वतःच वाढतात, थकलेल्या कोट्यवधी पेशी आठवड्याभरात विरून जातात.

शेवटी मणी चुंबकाने काढायचे, पेशी धुवायच्या, गोठवताना फुटू नयेत म्हणून डीएमएसओ घालायचं, आणि मिनिटाला १ अंश या गतीने तापमान उतरवत द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवायच्या.

पिशवी तयार असूनही वाट का पाहायची

पेशी जिवंत किती, कार असलेल्या किती, पेशीमागे जनुकाच्या सरासरी प्रती किती (पाचाच्या आत हव्या), जंतू नाहीत ना, मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू नाही ना, एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष मर्यादेत आहे ना, आणि स्वतःची नक्कल करणारा विषाणू चुकूनही तयार झालेला नाही ना, हे सगळं पाहूनच पिशवी सोडतात. जंतुसंसर्गाची पारंपरिक चाचणी १४ दिवस चालते, झटपट पद्धतींनी ती मुदत कमी होते. रुग्ण घरी थांबलेला असताना हा वेळ जीव खातो. पण प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर आणलेल्या माणसाच्या शिरेत दूषित पिशवी गेली, तर ती थेट जिवावर बेतते.

तपासण्यांचा आग्रह कशासाठी, याचं एक उदाहरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पेनसिल्व्हानियात एका रुग्णाच्या नमुन्यात टी-पेशींबरोबर ल्युकेमियाची एक बी-पेशी राहून गेली आणि विषाणूने कारचं जनुक तिच्यातच बसवलं. त्या पेशीवर कार उगवला, तो तिच्याच सीडी१९ला चिकटून बसला आणि सीडी१९ झाकलं गेलं. मग खऱ्या कार-टी पेशींना ती दिसेना. पुढे रुग्णाचा आजार याच एका पेशीच्या वंशावळीतून उलटला.

परत शरीरात

पेशी द्यायच्या आधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देतात. ही केमो गाठ मारण्यासाठी नसते. शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट (टी-पेशी, बी-पेशी वगैरे) कमी करून नव्या पेशींना जागा आणि आयएल-७, आयएल-१५ हे पोषक संदेश मोकळे करून द्यायचे, शिवाय कारला परका समजून मारणाऱ्या पेशीही कमी करायच्या, एवढाच हेतू. फ्लुडाराबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन पाहून डोस ठरतो.

नंतरचा भाग बघणाऱ्याला फारच साधा वाटतो. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि अर्ध्या तासाच्या आत शिरेतून देतात, कारण वितळल्यावर डीएमएसओ पेशींना अपाय करू लागतं. खोलीत आणि रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तोही डीएमएसओचाच, घाबरायचं कारण नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत ताप येणं अपेक्षितच असतं. कार-टी पेशी बी-पेशी मारतात तेव्हा साइटोकाइन नावाचे संदेशवाहक रेणू उसळतात, त्यांत आयएल-६ मुख्य. नुसता ३८ अंशांपुढचा ताप ही पहिली पायरी. त्याच्या जोडीला रक्तदाब उतरला किंवा थोडा ऑक्सिजन लागला तर दुसरी. रक्तदाब टिकवायला औषधाचा ड्रिप लागला तर तिसरी. आयएल-६चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब किलोमागे ८ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ८०० मिलिग्रॅम देतात आणि बहुधा काही तासांत फरक पडतो. हे औषध संधिवाताचं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही मुलगी कार-टीनंतर अत्यवस्थ झाली, तेव्हा तिच्या रक्तात आयएल-६ वाढलेलं पाहून डॉक्टरांनी ते दिलं आणि ती वाचली. या उपचाराची पुढची वाट तिथून मोकळी झाली.

आपल्याकडे पावसाळ्यात एक भर घालावी लागते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये आलेला प्रत्येक ताप कार-टीचाच असेल असं नाही. डेंगी, मलेरिया, लेप्टो आणि जिवाणूसंसर्ग तपासावेच लागतात, आणि रिपोर्टची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू होतं. घरी ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबू नका, रात्री दोन वाजता असला तरी केंद्राला फोन करा. सुरुवातीचे चार आठवडे रुग्णालयापासून फार दूर न राहण्याचा सल्ला याचसाठी असतो. ठाणे-पनवेल लोकलच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे जमतं, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांना मात्र खारघर-बेलापूर भागात खोली घ्यावी लागते. उपचाराच्या खर्चात हा खर्च आधीच धरा.

या उपचाराचा मेंदूवरही परिणाम होऊ शकतो, आणि तो नातेवाइकांच्या नजरेला डॉक्टरांच्याही आधी पडू शकतो. त्यासाठी दहा गुणांची एक छोटी चाचणी रोज घेतात. वर्ष, महिना, शहर आणि रुग्णालय सांगा, चार गुण. समोरच्या तीन वस्तूंची नावं सांगा, तीन गुण. एक सूचना पाळा, एक गुण. १०० पासून दहा-दहाने उलटं मोजा, एक गुण. एक वाक्य लिहा, एक गुण. हे वाक्य मराठीतच लिहू द्या, आणि उपचारापूर्वी लिहिलेलं वाक्य जपून ठेवा. ‘आज मी सकाळी चहा घेतला’ हे सोमवारी ओळीत असतं. गुरुवारी शिरोरेषा तुटते, काना-मात्रा गळतात, अक्षरं कागदाच्या उतरत्या बाजूला घसरतात. रुग्ण मात्र ‘मी ठीक आहे’ म्हणत असतो. वाक्य बिघडलं की लगेच सांगायचं. स्टेरॉइड वेळेवर सुरू झालं तर बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात.

मुंबईतल्या चाचण्यांत मूल्यमापन करता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ३७ जणांत, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांत, उपचाराला प्रतिसाद मिळाला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. काहींचा आजार उलटतो, कारण कार-टी पेशी टिकत नाहीत, किंवा कर्करोगाच्या पेशी सीडी१९च टाकून देतात आणि अदृश्य होतात. दुसऱ्या प्रकारात त्याच पेशी पुन्हा देऊन उपयोग नाही, लक्ष्य बदलावं लागतं. म्हणून आजार उलटला तर नव्या बायॉप्सीत सीडी१९ आहे का, हे विचारून घ्या.

नंतरच्या वर्षांत

कार-टी पेशी चांगल्या बी-पेशीही मारतात, त्यामुळे अँटिबॉडी बनणं थांबतं. आयजीजी, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीचं प्रमाण, डेसिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं आणि संसर्ग होत राहिले, तर दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. ते महाग आहे, बजेटमध्ये धरा. जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टर सांगेपर्यंत नकोत. हिपॅटायटिस बी पूर्वी होऊन गेला असेल तर तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून उपचारापूर्वीच त्याची पूर्ण तपासणी होते. क्षयरोगाचा इतिहास असेल तर तोही लपवू नका.

शेवटचा मुद्दा छोटा, पण पुढे मोठा घोळ टाळणारा. वाहकात एचआयव्हीच्या डीएनएचे काही तुकडे असतात आणि ते टी-पेशीत बसलेले राहतात. त्यामुळे जनुकीय पद्धतीने एचआयव्ही शोधणारी नॅट किंवा पीसीआर चाचणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते. विमा, शस्त्रक्रिया किंवा परदेशी व्हिसासाठीच्या तपासणीत असा रिपोर्ट आला, तर घरात हाहाकार उडतो. अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीत या वाहकामुळे ही गफलत होत नाही. रुग्णाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ‘लेंटिव्हायरस वाहकाने जनुक दिलेलं आहे’ हे, तारीख आणि केंद्राचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, त्याची झेरॉक्स घरच्या डॉक्टरांकडे द्या. रक्तदान आणि अवयवदान करू नका. गुणसूत्रात बसणाऱ्या वाहकांसाठी १५ वर्षं पाठपुरावा करण्याची पद्धत आहे, म्हणून फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर केंद्राला कळवा.